प्रोपेनच्या गणितात ४५ लिटरचे ५२ लिटर कसे होतात? आणि सरांचं उत्तर २४ का?

बारामती_लोकल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं त्यामुळे शब्द थोडे मिसळ होतील, सांभाळून घ्या.

क्लासच्या टेस्टला प्रश्न आला होता. १० लिटर प्रोपेन आणि ३५ लिटर ऑक्सिजन एकत्र पेटवले तर कार्बन डायऑक्साइड किती मिळेल आणि शेवटी एकूण गॅस किती राहील. मी समीकरण बॅलन्स केलं:

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ सीओटू + ४ पाणी

मग प्रत्येक लिटरला २२.४ ने (एका मोल गॅसचे लिटर) भागून मोल, म्हणजे रेणू मोजायचं एकक, काढले, मोलवर सगळं गणित केलं, परत २२.४ ने गुणून लिटरमध्ये आलो, अर्धं पान भरलं आणि सीओटू २१ लिटर आलं. शेजारी बसलेल्याने तेच २१ दोन ओळीत काढलं, मोल नाही की काही नाही, समीकरणातले आकडे सरळ लिटर म्हणून वापरले आणि वर त्याला पूर्ण मार्क. हे चालतं कसं तेच मला कळेना. प्रोपेनचा रेणू ४४ वजनाचा, ऑक्सिजनचा ३२ चा, हायड्रोजन तर फक्त २, मग मोठा रेणू जास्त जागा घेणार ना?

दुसरं म्हणजे एकूण गॅस माझा ५२ लिटर येतोय (२१ सीओटू, २८ पाण्याची वाफ, ३ उरलेला प्रोपेन) आणि सरांच्या आन्सर की मध्ये २४ लिहिलंय. सरांना विचारलं तर "प्रश्न नीट वाच" एवढंच म्हणाले. आणि समजा माझं ५२ च बरोबर असेल तरी घोळ आहेच, कारण सुरुवातीला ४५ लिटर होते. वरचे ७ लिटर आले कुठून? वस्तुमान अक्षय्यतेचा नियम इथे लागू नाही का?

---

तांबडा_रस्सा

भावा ३५ लिटर ऑक्सिजनमध्ये ७ च लिटर प्रोपेन जळतंय हे तुझं तू काढलंस म्हंजे निम्मं मैदान मारलंस की. आमच्या बॅचची निम्मी पोरं १० ला ३ नं गुणून ३० लिटर सीओटू लिवून मोकळी झालेली. जो गॅस आधी संपतो त्याच्यावरच सगळा हिशोब, बाकीचं नुस्तं बघत बसतंय.

५२ आणि २४ चा घोळ पाण्याचा हाय. कोणतरी नीट सांगंल, मला बस आलीय.

---

लॅबवाली_ताई

मी ज्युनिअर कॉलेजला प्रॅक्टिकल घेते, सविस्तरच लिहिते.

आधी रेणूच्या साइझचं बघू. तुझी शंका अगदी रास्त आहे, कारण द्रव किंवा स्थायू असता तर तुझंच खरं ठरलं असतं. पण गॅसमध्ये रेणू एकमेकांना चिकटून बसलेले नसतात, मधे सगळी मोकळी जागा. साध्या हवेच्या दाबाला रेणूंनी स्वतः व्यापलेली जागा जेमतेम हजारातला एखादा भाग असते, उरलेलं सगळं रिकामं. त्यामुळे आकारमान ठरतं ते किती रेणू आहेत, तापमान किती आणि दाब किती यावर, रेणू जाड की बारीक यावर नाही. नाट्यगृहात जसं, खुर्चीवर पैलवान बसो नाहीतर शाळेतलं पोर बसो, हाउसफुल्लचा आकडा तोच. हा ॲव्होगाड्रोचा नियम: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी.

आता समीकरण काय सांगतं? १ रेणू प्रोपेनला ५ रेणू ऑक्सिजन. रेणू आणि लिटर एकाच प्रमाणात असतील तर १ लिटरला ५ लिटर हे आपोआपच आलं. तू २२.४ ने भागून परत २२.४ ने गुणलंस, ते भागणं आणि गुणणं एकमेकांना कापून जातं, म्हणून तर दोघांचं उत्तर सारखं आलं. तुझी पद्धत चूक नाही, लांबची आहे. आणि एक गंमत बघ, २२.४ च्या जागी तू ५० घेतले असतेस तरी २१ च आलं असतं.

मग ते ७ लिटर. वस्तुमानाचा नियम अणूंवर चालतो, रेणूंच्या संख्येवर नाही. तपासून बघ: १ मोल प्रोपेन ४४ ग्रॅम, ५ मोल ऑक्सिजन १६० ग्रॅम, बेरीज २०४. उजवीकडे ३ मोल सीओटू १३२ आणि ४ मोल पाणी ७२, बेरीज २०४. ग्रॅम जुळले. पण रेणू मोजलेस तर डावीकडे ६ आणि उजवीकडे ७, कारण त्याच अणूंची नवीन जुळणी झाली आणि जोड्या एकने वाढल्या. तुझ्या गणितात ७ लिटर प्रोपेन जळला म्हणजे ४२ चे ४९ झाले, ३ लिटर प्रोपेन तसाच, एकूण ५२. आता उलट बाजूने अमोनियाचं बघ, १ नायट्रोजन आणि ३ हायड्रोजनपासून २ अमोनिया, तिथे ४ लिटरचे २ होतात, निम्मा गॅस "गायब", आणि वजन मात्र जिथल्या तिथे.

शेवटचं, २४. प्रश्नात "खोलीच्या तापमानाला थंड केल्यावर" किंवा "त्याच परिस्थितीत" असं काही लिहिलं होतं का? असेल तर वाफेचं पाणी झालं. २८ लिटर वाफेचं द्रव पाणी म्हणजे साधारण दोन टेबलस्पूनच्या आत, ते आकारमानात धरतच नाहीत. ५२ वजा २८ बरोबर २४.

---

बारामती_लोकल

ताई खूप खूप धन्यवाद, नाट्यगृहाचं आता पेपरात पण आठवणार. हो, प्रश्नात कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं "सर्व आकारमाने २७ अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला मोजली", मी ते वाचलं पण त्याचा काही उपयोग असेल असं वाटलंच नाही, असले आकडे बऱ्याचदा उगाच दिलेले असतात.

मग असं समजू का की २२.४ ची गरजच नाही? आणि समजा प्रश्नात थंड न करता, म्हणजे गरम असतानाच मोजा म्हटलं तर ५२ बरोबर ना?

---

घनफळ_मास्तर

दोन्हीला उत्तर "अवलंबून आहे" असं आहे, कंटाळू नकोस.

रेशो सरळ वापरायला तीन गोष्टी लागतात: दोन्ही बाजूचे पदार्थ ज्यांचा हिशोब करतोयस ते गॅस हवेत, तापमान एकच हवं, दाब एकच हवा. यातली एक जरी सुटली की मोलकडे जावंच लागतं. चुनखडी भाजली, १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, तर सीओटू किती लिटर? इथे एका बाजूला ग्रॅम आहेत, रेशो काय करणार. १ मोल चुनखडीला १ मोल सीओटू आणि मग लिटरसाठी मोलर व्हॉल्युम, म्हणजे एका मोल गॅसचं आकारमान. कोळसा जाळला तरी तेच, समीकरणात कार्बनच्या आधी १ लिहिलाय म्हणून १ लिटर कोळसा धरणारे मी पाहिलेत, बोर्डाचे पेपर तपासताना.

आणि मोलर व्हॉल्युम तरी कुठलं ते बघायचं. २२.४ हे ० अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ पासून स्टँडर्ड प्रेशर १ बार धरलंय, तिथे २२.७ येतं. २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअर म्हटलं तर २४.५. जुन्या गाइडमध्ये २२.४, नव्या पुस्तकात २२.७, मुलं वैतागतात. प्रश्नात काय दिलंय ते बघ आणि तेच घे, वाद घालू नको.

गरम मोजण्याचं: ५२ तेव्हाच जेव्हा आधीचे ४५ लिटर पण त्याच गरम तापमानाला मोजलेले असतील, म्हणजे १०० अंशाच्या वरच. आधीचे गॅस २७ अंशाला मोजले आणि नंतरचे १२७ ला, दाब तोच, असं विचारलं तर ५२ ला ४०० भागिले ३०० ने गुणायचं (केल्व्हिनमध्ये १२७ अंश म्हणजे ४००, २७ म्हणजे ३००), ६९.३ लिटर. हा प्रश्न सीईटीच्या तयारीत हमखास फसवतो, कारण रेशो वापरून ५२ काढणाऱ्याला पर्यायांमध्ये ५२ दिसतोच.

(बारीक कीस काढायचा तर २७ अंशाला सगळी वाफ काही पाणी होत नाही, साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाफ त्या गॅसमध्ये राहतेच. परीक्षेत ती शून्य धरतात. धरू दे.)

---

खवट_शेंगदाणा

सगळे एवढं छान समजावतायत तर मी जरा मिठाचा खडा टाकतो. हा प्रश्न सेट करणाऱ्याने आकडे निवडताना बघितलं नाही वाटतं.

ऑक्सिजन कमी पडला की प्रोपेन कार्बन मोनॉक्साइडपर्यंतच जळू शकतो. ते समीकरण बॅलन्स करा:

२ प्रोपेन + ७ ऑक्सिजन → ६ सीओ + ८ पाणी

२ ला ७, म्हणजे १० ला किती? बरोबर ३५! पोराच्या प्रश्नातले आकडे या दुसऱ्या समीकरणात तंतोतंत बसतात, काहीच उरत नाही. ३० लिटर सीओ, ४० लिटर वाफ, सीओटू शून्य, थंड केल्यावर उत्तर ३०. प्रत्यक्षात पेटवलं तर दोन्हींचं मिश्रण मिळणार, थोडं सीओ, थोडं सीओटू, थोडा हायड्रोजन, काजळी सुद्धा. तेव्हा "पूर्ण ज्वलन होते असे धरा" हे वाक्य प्रश्नात नसेल तर २४ हे उत्तर सरांच्या मनातलं आहे, प्रश्नातलं नाही.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही बरं का. खिडकी बंद करून बाथरूममध्ये गॅस गीझर लावतात, दर थंडीत पेपरात बातमी येते, ती या दुसऱ्या समीकरणाची बातमी असते. सीओला वास नाही, रंग नाही.

---

लॅबवाली_ताई

@खवट_शेंगदाणा हे मस्त पकडलंत. १० आणि ३५ वर माझं लक्षच गेलं नव्हतं. उद्या बारावीच्या पोरांना देते हा प्रश्न, दोन्ही उत्तरं काढायला लावून.

---

जुनी_वही

विषय निघालाच आहे तर, बारामती_लोकल, तुझी जी पहिली शंका आहे ना, ती ज्याला आपण अणुसिद्धांताचा बाप म्हणतो त्या डाल्टनलाही होती, सारख्या लिटरमध्ये सारखे कण हे त्यालाच मान्य करवलं नव्हतं.

हम्बोल्ट आणि गे-लुसॅक यांनी १८०५ मध्ये मोजलं की पाणी होताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन जवळपास बरोब्बर २ ला १ लागतात. मग १८०८ मध्ये गे-लुसॅकने बाकीचे गॅस घेऊन दाखवलं की सगळीकडे असेच साधे पूर्णांक येतात. डाल्टन म्हणाला मोजमापच चुकलंय! कारण त्याची अडचण अशी होती की १ लिटर हायड्रोजन आणि १ लिटर क्लोरीन मिळून २ लिटर हायड्रोजन क्लोराइड होतं. सारख्या लिटरमध्ये सारखे कण धरले तर क्लोरीनच्या एका कणाचे दोन तुकडे व्हायला हवेत, आणि अणू तर तुटत नाही. घ्या.

१८११ मध्ये ॲव्होगाड्रोने गाठ सोडवली, की तो कण अणू नसून दोन अणूंचा रेणू आहे, अर्धा झाला तर बिघडलं कुठे. पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, सारखे दोन अणू एकमेकांना धरून बसतील हेच लोकांना पटेना. डाल्टनच्या हिशोबात पाणी म्हणजे एक हायड्रोजन एक ऑक्सिजन. १८६० मध्ये कार्ल्सरूहच्या परिषदेत कानिझारोने ॲव्होगाड्रोचं म्हणणं पुन्हा मांडलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली, आणि ॲव्होगाड्रो तर १८५६ लाच वारले होते. क्लासच्या नोट्समध्ये हे एका ओळीत उरकतात, पण "हायड्रोजन दोन अणूंचा आहे" हे कुणी न बघता निव्वळ लिटर मोजून कळलंय याचं मला अजून नवल वाटतं.

---

पाना_पकड

मी गॅस लाइनचं आणि फॅब्रिकेशनचं काम करतो. शिक्षण आयटीआय. तुमचं समीकरण वाचून मला एक विचारायचंय.

सिलिंडरची शेगडी पाइपगॅसवर घेताना आम्ही जेट बदलतो, पाइपगॅसचं भोक मोठं असतं. गिऱ्हाईक विचारतं का म्हणून, आम्ही सांगतो प्रेशर कमी असतं. ते खरं आहे पण तेवढंच कारण का?

---

घनफळ_मास्तर

काका, छान प्रश्न, आणि याच रेशोचा आहे.

पाइपगॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. १ लिटर मिथेनला २ लिटर ऑक्सिजन पुरतो. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, प्रोपेनला ५ आणि ब्युटेनला साडेसहा लिटर. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून हवेत मोजलं तर मिथेनला साडेनऊ लिटर, प्रोपेनला २४ च्या जवळ, ब्युटेनला ३१.

उष्णता बघा आता. एका मोलमागे मिथेन ८९० किलोज्यूल देतो, प्रोपेन २२२०, ब्युटेन २८८० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच लिटर पाइपगॅसमध्ये सिलिंडरच्या गॅसच्या तिसरा हिस्सा ते ४० टक्केच दम. भाकरी तेवढ्याच वेळात व्हायची तर लिटर जास्त सोडायला पाहिजेत, म्हणून भोक मोठं. प्रेशर कमी हे दुसरं कारण, दोन्ही एकाच दिशेने ढकलतात. उलटं केलंत, पाइपगॅसच्या मोठ्या जेटला सिलिंडर जोडला, तर गॅस भरमसाठ आणि हवा अपुरी, पिवळी ज्योत, काळी भांडी आणि वर शेंगदाणा म्हणाले तो सीओ.

याच्यात मला आवडणारा भाग असा की वरच्या आकड्यांना लागणाऱ्या हवेने भागून बघा. ८९० भागिले ९.५, २२२० भागिले २३.८, २८८० भागिले ३१. तिन्हीचं उत्तर ९३ च्या आसपासच येतं. गॅस कुठलाही असो, खर्च झालेल्या हवेमागे मिळणारी उष्णता जवळपास एकच.

सहज हिशोब करून ठेवतो. १४.२ किलोचा सिलिंडर सगळा ब्युटेन धरला तर २४५ मोल, २५ अंशाला जवळपास ६ घनमीटर गॅस. त्याला ३१ पट हवा म्हणजे १८६ घनमीटर. दहा बाय दहाची खोली, उंची पण दहा फूट, म्हणजे २८ घनमीटर. एक सिलिंडर संपेपर्यंत अशा साडेसहा खोल्यांमधली हवा लागते. मघाशी गीझर म्हणाले ना, बाथरूम तर याच्या चौथाई सुद्धा नसतं.

---

तांबडा_रस्सा

घरी पोचलो. बारामतीकर, एक गणित देतो, सोडीव. १० एमएल हायड्रोकार्बन आणि ६० एमएल ऑक्सिजन, स्फोट केला, थंड केलं, ५५ एमएल राहिलं. मग केओएचमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) सोडलं तर ३५ एमएल. हायड्रोकार्बन कुठला? केओएच सीओटू खातंय एवढं ध्यानात ठेव. मोल काढलास तर बघ.

---

बारामती_लोकल

केओएचने ५५ चे ३५ केले म्हणजे सीओटू २० एमएल. १० एमएल गॅसपासून २० सीओटू, तर कार्बन २.

उरलेले ३५ म्हणजे न वापरलेला ऑक्सिजन, ६० मधले २५ खर्च झाले. त्यातले २० सीओटूसाठी गेले (एकास एक), राहिले ५ ते पाण्यासाठी. ५ एमएल ऑक्सिजनपासून १० एमएल वाफ, म्हणजे १० एमएल गॅसमागे १० वाफ, एका रेणूमागे एक पाणी, हायड्रोजन २. कार्बन २ हायड्रोजन २, ॲसिटिलीन!!

एकदा पण २२.४ लिहिलं नाही.

---

तांबडा_रस्सा

लई भारी. मला पाण्याचं सूत्रानं करायला शिकवलंवतं, तू केलंस ते बरं हाय.

---

पाना_पकड

थांबा जरा. ॲसिटिलीन तर आमचा रोजचा गॅस. तुमच्या हिशोबानं १० ला २५, म्हणजे ऑक्सिजन अडीचपट लागतो. आम्ही न्यूट्रल फ्लेमला दोन्ही जवळपास सारखेच ठेवतो, ऑक्सिजन अगदी किंचित जास्त. अडीचपट सोडला तर जोड जळून खाक होईल. मग बाकीचा दीडपट कुठं गेला?

---

लॅबवाली_ताई

काका, तो तुमच्या टॉर्चच्या बाहेरून येतो. आतला जो छोटा झगझगीत पांढरा कोन दिसतो ना, तिथे १ लिटर ॲसिटिलीन आणि १ लिटर ऑक्सिजनपासून २ लिटर सीओ आणि १ लिटर हायड्रोजन होतो. हे दोन्ही मग बाहेरच्या निळसर ज्योतीत जळतात. २ लिटर सीओला १ लिटर ऑक्सिजन, १ लिटर हायड्रोजनला अर्धा, मिळून दीड, आणि तो आजूबाजूच्या हवेतून ओढला जातो. १ सिलिंडरचा आणि दीड हवेचा, झाले अडीच. शिवाय कोनाच्या पुढे सीओ आणि हायड्रोजन असल्यामुळे वितळलेल्या लोखंडाला ऑक्सिजन लागत नाही, जोड जळत नाही तो त्यामुळेच.

---

पाना_पकड

अच्छा, म्हणून टाकीच्या आत उतरून गॅसचं काम असेल तर ब्लोअर लावल्याशिवाय सुपरवायझर पेटवू देत नाही. आम्हाला वाटायचं फक्त धुरासाठी.

---

बारामती_लोकल

दीड लिटर ऑक्सिजन म्हणजे १.५ भागिले ०.२१, हवा ७.१ लिटर. एक लिटर ॲसिटिलीनमागे टाकीतली सात लिटर हवा जाणार. बरोबर ना मास्तर?

---

घनफळ_मास्तर

बरोबर. फक्त नायट्रोजन तिथेच राहतो, जातो तो ऑक्सिजन. आणि टाकीत थंड गॅस मोजायचा की गरम, ते आधी विचारून घे.